संगणक वाट कशी पाहतो?

संगणक फार वेगाने काम करतो, हे आता शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु हे वेगवान यंत्र दिवसातला पुष्कळसा वेळ करते तरी काय, असे कोणी विचारले, तर खरे उत्तर ऐकून आपल्याला नवल वाटेल. ते वाट पाहत असते. तबकडीवरून मजकूर येण्याची वाट, तारेवरून दुसऱ्या यंत्राचे उत्तर येण्याची वाट, आपण कळ दाबण्याची वाट! या वाट पाहण्याचे काय करावे, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढचा फार जुना प्रश्न आहे, आणि त्याच्या एका उत्तराला ‘असिंक्रोनस’ वाचन-लेखन असे नाव आहे. नाव बोजड आहे खरे, पण कल्पना अगदी घरगुती आहे. ती काय आहे आणि तिच्यापायी कोणती जोखीम पत्करावी लागते, हे आज आपण पाहू. आपले बँकेतले पैसे आणि गाडीचे तिकीट यांचा त्या जोखमीशी जवळचा संबंध आहे.

आधी थोडे मोजमाप करू. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतल्या एका भागाला नॅनोसेकंद म्हणतात. आजचा प्रोसेसर एखादी साधी बेरीज एका नॅनोसेकंदाच्या आतच उरकतो. आता अशी कल्पना करा की हा प्रोसेसर म्हणजे कचेरीतला एक कारकून आहे, आणि त्याला एका बेरजेला पुरता एक सेकंद लागतो. म्हणजे आपण एका नॅनोसेकंदाचा एक सेकंद केला. याच प्रमाणात बाकीचे हिशेब काय होतात, पाहा. मेमरीतून एखादा आकडा आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. आपल्या कारकुनाची दीड-पावणेदोन मिनिटे गेली. टेबलावरच्या फायलीत हात घालावा, इतकेच ते. पण ज्यात काही फिरत नाही अशा आधुनिक साठवणीतून, म्हणजे एसएसडीतून, मजकूर आणायचा तर कारकुनाचा एक दिवस आणि वर चार तास जातात. फिरत्या तबकडीची गोष्ट याहून कठीण. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते असे धरले, तरी एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. वाचणारा काटा योग्य जागी सरकणे आणि हवा तो भाग काट्याखाली येणे यांत दहाएक मिलिसेकंद सहज जातात. कारकुनाच्या हिशेबाने हे झाले जवळजवळ चार महिने! आणि मुंबईहून अमेरिकेतल्या यंत्राला प्रश्न विचारून उत्तर परत आणायचे, तर सहा वर्षे.

एका सेकंदात बेरीज करणारा हा कारकून फाईल येईपर्यंत चार महिने खुर्चीवर नुसता बसून राहिला, तर कचेरी चालेल कशी? सगळा प्रश्न हा एवढाच आहे.

हा प्रश्न आजचा नाही, संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. त्या पिढीच्या यंत्रांत निर्वात नळ्यांची मंडले आपले गणित झपाट्याने करीत. पण भोके पाडलेल्या कागदी फितीवरून माहिती आत घेणे आणि उत्तर कागदावर छापणे ही कामे लोखंडी दांड्या-चाकांच्या वेगानेच व्हायची. पुष्कळ यंत्रांत तर प्रत्येक शब्द आत-बाहेर करण्याची हमालीही प्रोसेसरच्याच गळ्यात असे. त्यावर तोडगा म्हणून ही हमाली वेगळ्या उपकरणाकडे सोपवण्यात आली. आयबीएम कंपनीच्या ७०९ या यंत्रात १९५८ च्या सुमारास असे ‘चॅनल’ आले. प्रोसेसरने नुसता हुकूम द्यायचा, की अमुक इतका मजकूर फितीवरून मेमरीत आण, आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचे. हुकूम देणे आणि काम पुरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. असिंक्रोनस या शब्दाचा सारा अर्थ यात आला.

पण काम पुरे झाले हे कळायचे कसे? यासाठी आपण स्वयंपाकघरात जाऊ. तुम्ही कुकर चढवला आहे. आता एक रीत अशी, की कुकरपुढे हात बांधून उभे राहायचे आणि भात होईपर्यंत दुसरे काही करायचे नाही. या रीतीला अडून राहणे म्हणतात. समजायला सोपी आणि चुकायला जागा नाही, पण सकाळ वाया जाते. दुसरी रीत दूध तापवण्याची. दूध बिचारे बोलत नाही, म्हणून आपण भाजी चिरता चिरता दर अर्ध्या मिनिटाला मान वळवून पाहतो. फार वेळा पाहिले तर भाजी होत नाही, कमी वेळा पाहिले तर दूध उतू जाते! तिसरी रीत कुकरच्या शिट्टीची. आपण खुशाल कणीक मळत बसावे. शिट्टी झाली की हातातला उंडा खाली ठेवावा, गॅस बारीक करावा आणि पुन्हा कणकेकडे वळावे.

संगणकातल्या या शिट्टीला ‘इंटरप्ट’ म्हणतात. तबकडीचे काम संपले की ती प्रोसेसरला खूण करते. प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करतो, आपण कोठवर आलो होतो ते टिपून ठेवतो, आलेल्या मजकुराची नोंद घेतो आणि जिथे सोडले होते तिथून पुढे चालू लागतो. ही सोय १९५० च्या दशकात यंत्रांत आली आणि आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही ती आहे.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील, ‘शिट्टीची सोय सत्तर वर्षे आहे, तर मग प्रश्न उरला कोठे?’ शंका रास्त आहे. यंत्रापुरता प्रश्न खरोखरच सुटलेला आहे. एखादा प्रोग्रॅम तबकडीसाठी अडून राहिला, तर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, त्याला बाजूला बसवते आणि प्रोसेसर दुसऱ्या प्रोग्रॅमला देते. यंत्र रिकामे राहत नाही, पण तो प्रोग्रॅम मात्र थांबतो. आणि त्या एका प्रोग्रॅमच्या दारात हजारो माणसे उभी असली, तर?

समजा, तिकिटांच्या आरक्षणाचा प्रोग्रॅम आहे. एका माणसाची चौकशी तबकडीपाशी अडली म्हणून मागच्या साऱ्यांनी ताटकळायचे, हे काही बरे नव्हे. यावर जुना उपाय असा, की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक स्वतंत्र ‘थ्रेड’, म्हणजे कामाचा एक वेगळा धागा द्यायचा. गिऱ्हाईक अडले की त्याचा धागा अडेल, बाकीचे चालू राहतील. शंभर गिऱ्हाइके असली तर हे छान चालते. पण प्रत्येक धाग्याला बसायला जागा लागते. लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे एका धाग्यासाठी आठ मेगाबाइटांपर्यंत जागा राखून ठेवतात. ती सगळी वापरली जाते असे नाही, तरी दहा हजार धाग्यांचा हिशेब ऐंशी हजार मेगाबाइटांवर जातो. शिवाय एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो, तो वेगळाच. डॅन केगेल यांनी १९९९ साली नेमका हाच प्रश्न मांडला: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके सांभाळायची कशी?

त्याचे उत्तर पुन्हा स्वयंपाकघरातलेच आहे. चार शेगड्यांपाशी चार माणसे उभी करू नका. एकच माणूस ठेवा आणि जी शेगडी बोलावील तिच्याकडे त्याला जाऊ द्या. म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचे, की ही दहा हजार जोडण्यांची यादी घे. यांतल्या कोणाकडे काही आले तर मला सांग. अशी विचारणा करण्याची ‘सिलेक्ट’ नावाची सोय युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ साली आली होती. पण तिची तऱ्हा शाळेतल्या हजेरीसारखी होती. तिघांनीच हात वर केले आहेत हे कळण्यासाठी दरवेळी सगळ्या वर्गाची नावे पुकारायची! लिनक्समध्ये २००२ साली ‘ईपोल’ आले आणि ही पुकारणी संपली. ज्यांचे काही काम आहे तेवढ्यांचीच नावे हाती येऊ लागली. याच पद्धतीवर इगोर सिसोएव यांनी २००४ साली ‘एनजिनेक्स’ हा वेब सर्व्हर लोकांपुढे ठेवला, आणि रायन डाल यांनी २००९ साली ‘नोड’ आणले. ईपोलची ही युक्ती तबकडीवरच्या साध्या फायलींना मात्र लागू पडत नसे. ती उणीव लिनक्सने २०१९ साली ‘आयओ-यूरिंग’ आणून बरीचशी भरून काढली. त्यात दोन गोल रांगा असतात. एकीत प्रोग्रॅमने हुकूम टाकायचे, दुसरीतून पुरे झालेल्या कामांचे निकाल उचलायचे. विंडोज एनटीमध्ये साधारण अशी सोय १९९० च्या दशकातच होती.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहू. अडून राहण्याच्या रीतीत तो सरळ लिहितो: खाते वाच, शिल्लक तपास, रक्कम वजा कर, खाते लिही. नवीन रीतीत ‘वाच’ म्हटले की उत्तर लगेच मिळत नाही. म्हणून ‘उत्तर आले म्हणजे हे कर’ अशी चिठ्ठी बरोबर जोडावी लागते. या चिठ्ठीला ‘कॉलबॅक’ म्हणतात. एका चिठ्ठीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशी चिठ्ठ्यांची चळत झाली की लिहिणारालाच काही उमगेनासे होते. तेव्हा दुसरी युक्ती निघाली. उत्तराऐवजी उत्तराचे वचन हाती घ्यायचे. ‘प्रॉमिस’ हा शब्द या अर्थाने फ्रीडमन आणि वाइज या दोघा शास्त्रज्ञांनी १९७६ साली वापरला होता. त्यावर पुढे ‘अवेट’ हा शब्द आला: सी-शार्प भाषेत २०१२ साली, पायथनमध्ये २०१५ साली, जावास्क्रिप्टच्या मानकात २०१७ साली. ‘अवेट’ म्हणजे, ‘हे वचन पुरे होईपर्यंत मी येथे थांबतो, तोवर इतरांनी आपापली कामे करावी.’ लिहिताना प्रोग्रॅम पुन्हा सरळ ओळीत दिसू लागला. झालं, सुटला प्रश्न! असे वाटते खरे. पण खरी सावधगिरी येथूनच पुढे बाळगायची असते.

एका खात्यात ५००० रुपये आहेत. त्यातून १००० रुपये काढण्याची एक मागणी आली आणि त्याच क्षणी २००० रुपये काढण्याची दुसरी आली. पहिलीने शिल्लक वाचली, ५०००, आणि ती पुढच्या तपासणीसाठी थांबली. तेवढ्यात दुसरीला पाळी मिळाली. तिनेही वाचले, ५०००. पहिली परत आली. तिने हजार वजा करून ४००० लिहिले. मग दुसरी आली. तिने आपल्याजवळच्या ५००० मधून दोन हजार वजा केले आणि ३००० लिहिले. खात्यातून ३००० रुपये बाहेर गेले, उरायला हवे होते २०००, आणि वहीत आहेत ३०००! प्रोसेसर एकच, धागाही एकच, कोणी खोटे बोलले नाही, कोणाची बेरीज चुकली नाही. फक्त मधल्या वाट पाहण्यात जग बदलले आणि पहिल्या माहितीवर विसंबून दुसरी कृती झाली. म्हणून ‘अवेट’ हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे तिथे लिहिणाराने स्वतःला विचारावे, की मी थांबलो असताना माझ्या हातातली माहिती शिळी तर झाली नाही ना? उपाय आहेत. वाचणे, वजा करणे आणि लिहिणे हे डेटाबेसकडून एकसंध करवून घ्यावे, किंवा ‘शिल्लक अजून ५००० च असेल तरच लिही’ अशी अट घालावी. मात्र ते मुद्दाम योजावे लागतात, आपोआप होत नाहीत.

ही वाचनाची बाजू झाली. लेखनाची बाजू याहून फसवी आहे. प्रोग्रॅमने ‘लिही’ म्हटले आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ‘लिहिले’ असे उत्तर दिले, तर आपण समजतो की मजकूर तबकडीवर गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो! तो मेमरीत ठेवून घेतलेला असतो आणि सवडीने तबकडीवर जायचा असतो. लिनक्समध्ये ही सवड नेहमीच्या मांडणीत तीस सेकंदांच्या घरात असू शकते. म्हणजे वरकरणी सरळ दिसणारे लेखनही आतून असिंक्रोनसच आहे, बरं का. मधल्या वेळात वीज गेली, तर तो मजकूर गेला. पेनड्राइव्ह उपटण्यापूर्वी तो ‘सुरक्षितपणे काढा’ अशी सूचना असते, तिचे एक कारण हेच.

पत्र पेटीत टाकणे आणि पत्र पोचणे यांत जे अंतर, तेच येथे आहे. पूर्वी रजिस्टर पत्राला पोचपावती जोडीत आणि ती सही होऊन परत आली म्हणजे मन निश्चिंत होई. संगणकातही अशी पोचपावती मागता येते. तिचे नाव ‘एफसिंक’. ती मागितली की मजकूर खऱ्या साठवणीवर पोचेपर्यंत प्रोग्रॅमला थांबावे लागते. म्हणून ती प्रत्येक अक्षरामागे मागत नाहीत. जेथे पैशाचा किंवा शब्दाचा प्रश्न असतो, तेथेच मागतात. चांगला डेटाबेस आधी ‘मी अमुक बदल करणार आहे’ अशी नोंद एका रोजमेळात लिहितो, त्या नोंदीची पोचपावती घेतो, आणि मगच गिऱ्हाइकाला ‘तुमचे काम झाले’ असे सांगतो. मूळ वहीतला बदल पुढे सवडीने केला तरी चालतो, कारण मध्येच यंत्र बंद पडले तर रोजमेळ पाहून तो पुन्हा करता येतो.

आणि पोचपावतीच फसवी निघाली, तर? असे खरोखर घडले आहे. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्याच्या कर्त्यांची समजूत अशी होती, की ‘एफसिंक’ने एकदा चूक झाल्याचे कळवले, तर पुन्हा मागणी करावी, मजकूर अजून मेमरीत असेल आणि या खेपेस तो लिहिला जाईल. २०१८ साली उघड झाले की लिनक्सवर तसे होत नाही. तबकडीने नकार दिल्यावर व्यवस्था ती चूक एकदा कळवीत असे आणि मेमरीतला तो मजकूर ‘आता लिहायचा राहिलेला नाही’ अशा सदरात टाकत असे. दुसऱ्यांदा विचारले की उत्तर यायचे, ‘सर्व ठीक’. मजकूर मात्र कोठेच नसे! पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपली रीत बदलली. आता पोचपावतीत चूक आली की तो पुन्हा विचारीत बसत नाही. सरळ थांबतो, आणि नव्याने सुरू होऊन रोजमेळावरून सारे पुन्हा उभे करतो. काम अडले तरी हरकत नाही, पण खोटी खात्री नको, असा हा निर्णय आहे. याच पोस्टग्रेसने २०२५ च्या सप्टेंबरात निघालेल्या अठराव्या आवृत्तीत वाचनासाठी असिंक्रोनस सोय आणली. वाचन पुन्हा करता येते, हरवलेले लेखन पुन्हा मिळत नाही. म्हणून वाचनाच्या बाबतीत धीटपणा परवडतो.

यावरून ही रीत सगळीकडे लावावी असे मात्र नव्हे. काम नुसत्या आकडेमोडीचे असेल, तर तेथे वाट पाहणे नाहीच. मग न थांबण्याची युक्ती लावून मिळणार काय? एका माणसाने वापरायचा लहानसा प्रोग्रॅम असेल, तर अडून राहण्याची साधी रीतच उत्तम, कारण ती वाचताना आणि दुरुस्त करताना डोके पिकत नाही. गिऱ्हाइके पुष्कळ आणि प्रत्येकाचे काम बाहेरच्या उत्तरावर अडणारे, अशा ठिकाणी मात्र असिंक्रोनस रीतीवाचून गत्यंतर नाही. तेथेही किती मागण्या एकदम हाती घ्यायच्या याला मर्यादा हवी. शिट्टी होईपर्यंत मोकळे आहोत म्हणून वीस कुकर चढवले, तर सगळ्या शिट्ट्या एकदम होतात!

वाट पाहणे टळत नाही, हे आपण पाहिले. ते प्रोग्रॅमकडून काढले तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, आणि कधी कधी आपल्याकडेही येते. पैसे पाठवताना पडद्यावर चक्र फिरत राहते आणि मग ‘प्रलंबित’ असा शब्द येतो, तो याचाच एक प्रकार. त्याचा अर्थ व्यवहार फसला असा नाही आणि झाला असाही नाही. फक्त उत्तर अजून आलेले नाही. मागणी वाटेत हरवली असेल, किंवा काम होऊन उत्तर तेवढे हरवले असेल. पाठवणाऱ्या यंत्राला या दोहोंतला फरक कळू शकत नाही. काळजीपूर्वक रचलेल्या व्यवस्थेत प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक असतो, म्हणून तीच मागणी यंत्राने पुन्हा पाठवली तरी पैसे दोनदा जात नाहीत. पण आपण अधीर होऊन नव्याने कळ दाबली, तर तो नवा व्यवहार ठरतो, नवा क्रमांक घेतो, आणि पैसे खरोखरच दोनदा जाऊ शकतात. तेव्हा अशा वेळी घाई करू नये. आधी खात्यातली नोंद पाहावी आणि व्यवहाराचा निकाल लागला म्हणजेच पुढचे पाऊल टाकावे.